तांब्यावरचा निसर्ग: किती खर्च, कशावर?

रेम्ब्रांटचं ‘तीन झाडं’ (१६४३) हे एचिंग, म्हणजे पत्र्यावर द्रावणाने कोरून छापलेलं चित्र, जेमतेम २१ बाय २८ सेंटिमीटरचं. तेवढ्यात वादळी आभाळ, तिरकी सर, उंचवट्यावरची झाडं आणि क्षितिजावरचं शहर, सगळं मावलंय. त्या बरोक धाटणीचा निसर्ग स्वतः कोरायचा असेल, तर मोठ्या पत्र्याचा हट्ट नको. खर्च आकारानेच वाढतो.

तांबं वजनावर मिळतं. वरच्या मापाचा १ मिलिमीटर जाडीचा पत्रा सुमारे ५२५ ग्रॅम भरतो, १० बाय १५चा सुमारे १३५. त्या दिवशीच्या भावाने गुणा. कापण्याची मजुरी आणि पॉलिश वेगळं विचारा. जस्त स्वस्त पडतं म्हणून तिकडे वळू नका. या चित्रांचा सगळा जीव दूरच्या पुसट आणि जवळच्या खोल, काळ्या रेषांतल्या फरकात आहे. पत्रा काही मिनिटांत द्रावणातून काढून दूरच्या रेषा वॉर्निशने झाकायच्या, जवळच्या पुन्हा पुन्हा द्रावणात सोडायच्या. इतका ताबा तांब्यावरच राहतो. जस्तावर रेषा लवकर खरबरीत होते.

वापरलेला पत्राही घासून चालतो. डच चित्रकार हर्क्युलीस सेगर्सच्या पत्र्यावरच्या आकृत्या खरवडून, बराचसा निसर्ग तसाच ठेवून रेम्ब्रांटने १६५३च्या सुमारास नवं चित्र केलं होतं.

द्रावणासाठी फेरिक क्लोराइड घ्या. सर्किट बोर्डासाठी ते वापरतात, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात विचारा. नायट्रिक आम्लाचा धूर विषारी असतो. घरी ते नकोच. हातमोजे आणि चष्मा खर्चात धराच. वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं, ते मोरीत ओतू नका.

कागद जाड, सुती हवा. ५६ बाय ७६चा एक ताव लहान पत्र्याच्या नऊ छापांना पुरतो, मोठ्याच्या चारच.

प्रेस विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. भाडं तासावर की दिवसावर? शाई, फेल्ट, पुसायचं जाळीदार कापड त्यात धरलंय का? मदतनीस मिळेल का? हे आधी लेखी घ्या. नवख्याचा बराच वेळ शाई पुसण्यातच जातो, म्हणून तासाचा दर स्वस्त वाटला तरी दिवसाचाच परवडतो. ड्रायपॉइंटच्या, म्हणजे सुईने थेट पत्र्यावर ओरखडलेल्या, मखमली रेषा थोड्याच छापांत झिजतात. त्या वापरल्या असतील तर छाप थोडेच निघतील, छपाई एकाच दिवसात उरकेल.

पहिला पत्रा पोस्टकार्डाएवढा घ्या, पण तांब्याचाच घ्या.