गरोदर मातेचा आहार आणि आपला धम्म



धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीतील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटीच धम्म ऐकावयास आला. तथागतांनी प्रथम त्याला जेवू घालावयास सांगितले आणि नंतरच देशना केली. देहदंडाचा मार्ग सोडून सुजातेची खीर स्वीकारणाऱ्या महाकारुणिकाचे आपण अनुयायी. असे असता आपल्या घरातील गरोदर सून सर्वांच्या शेवटी उरलेसुरले खाते, याकडे आपले लक्ष जाते काय?

कर्जत-खालापूर भागात वर्षावास सुरू होतो तेव्हा भाताची लावणी ऐन जोरात असते आणि घरातले धान्य सरत आलेले असते. दिवसभर चिखलात वाकून काम करणारी गरोदर भगिनी पौर्णिमेला श्रद्धेने अष्टशील घेते व दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत उपाशी राहते. तिच्या श्रद्धेचा आम्ही आदरच करतो. परंतु उपोसथ स्वेच्छेचा आहे. गरोदरपणी पंचशील पाळावे, विहारात यावे, वंदना करावी आणि वेळेवर जेवावे. हाच मध्यम मार्ग होय.

चौथ्या महिन्यापासून गर्भवतीला रोज सुमारे 350 उष्मांक जास्त लागतात. एक नाचणीची भाकरी, वाटीभर उसळ व मूठभर शेंगदाणे यांत साधारण तेवढे मिळतात. त्यासाठी महागडे डबे आणण्याची गरज नाही. आपल्या शेतातला मोड आलेला वाल, पावसाळी टाकळा, शेवग्याचा पाला, अंडी, जवळा-सुकट हे उत्तम अन्न आहे. रक्तदाब वाढलेला असल्यास मात्र खारी मासळी टाळावी. पालेभाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातील लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते वाया जाते.

"जास्त खाल्ले तर बाळ मोठे होऊन अडेल" असे काही वडीलधाऱ्या सांगतात. हा समज घातक आहे. कमी खाल्ल्याने बाळंतपण सोपे होत नाही. बाळ कमी वजनाचे होते आणि आई अशक्त होते. ग्रहणात गर्भवतीला उपाशी ठेवणे ही तर निव्वळ अंधश्रद्धा आहे.

2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. हिमोग्लोबिन 11 पेक्षा कमी असेल तर दुर्लक्ष करू नये. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस व बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यावी. शौचास काळे झाले तरी घाबरू नये. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत न घेता वेगळ्या वेळी घ्यावी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी होते. अंगणवाडीतून मिळणारा आहार हा त्या मातेचा हक्क आहे, तो साऱ्या घरात वाटून टाकू नये.

1928 साली मुंबई कायदेमंडळात परमपूज्य बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. मातेची विश्रांती हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न आहे, असे त्यांनी मांडले. 1929 साली तो कायदा झाला. कायद्याने दिलेले आपण घरात नाकारू नये.

म्हणून या वर्षावासात प्रत्येक घराने एवढाच संकल्प करावा: घरातील गर्भवतीचे ताट सर्वांत आधी वाढले जाईल, आणि लावणीच्या दिवसांत तिच्या वाटचे ओझे इतर उचलतील. मैत्री आणि करुणेचा आरंभ आपल्या चुलीपासूनच व्हावा, हीच आमची मंगल कामना.

जयभीम! नमो बुद्धाय!