आधी वेळ सांग, मग नावं

अगं, मास मीडियाची पदवी हातात आहे, सोशल मीडियाचं काम समोरून चालून आलंय, मग आणखी दोन वर्षं शिकायचं कशाला, हा तुझा प्रश्न रास्तच आहे. तरी माझं ऐक, जनसंपर्कात एम.ए. कर. पोस्ट कशी टाकायची ते नोकरीत शिकशीलच. ती कुणासाठी टाकली, त्याच्यापर्यंत पोचली का, हे विचारायला मात्र तिथे कुणाला सवड नसते.

मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात पत्रकारिता विभागात हा अभ्यासक्रम आहे. झेवियर्स आणि गरवारे संस्थेत वर्षभराचे डिप्लोमे आहेत. पैशांची घाई असेल तर तेही वाईट नाहीत. पण एम.ए.ला शोधप्रकल्प असतो, आणि मला तुझ्यासाठी तोच हवाय. वाघबीळहून टीएमटीने ठाणे स्टेशन, लोकलने कुर्ला, पुढे रिक्षा. दमशील, माहीत आहे मला.

प्रकल्पाचा विषय तर तुझ्या दारातच आहे. घोडबंदर रोड! उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने जातात, वर्षानुवर्षं मेट्रो ४ चं काम चाललंय, गायमुख घाटाची डागडुजी निघाली की वाहतूक वळवतात. प्रत्येक वेळी कुठून तरी प्रेसनोट निघते. ती कधी निघाली, पेपरात कधी आली, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधी आणि किती मोडतोड होऊन पोचली, एवढं तारीखवार मांडलंस तरी चांगला प्रबंध होईल.

अशा नोटा मी खूप वाचल्यात. पहिल्या परिच्छेदात मान्यवरांची नावं, दुसऱ्यात प्रकल्पाचं महत्त्व, आणि रस्ता रात्री किती वाजता बंद होणार ते शेवटून दुसऱ्या ओळीत. मानपाड्याहून पहाटेच्या विमानाला निघालेल्या माणसाला काय हवं असतं गं? किती ते किती बंद, कुठून कुठपर्यंत, कुठल्या गाड्यांना, आणि पर्यायी रस्ता कोणता. हे चार तपशील पहिल्या दोन वाक्यांत बसव. नावं खाली येऊ देत. रोज एक नोट घे आणि अशी पुन्हा लिही. महिनाभरात हात बसेल.

आणि मराठीत लिही, थेट मराठीत. एजन्सीत इंग्रजी मजकूर तयार होतो, मग कुणीतरी घाईघाईत त्याचं मराठी करतं, आणि उपसंपादक बिचारा ते वाचून कपाळाला हात लावतो. मुळातून मराठी लिहिणारी मुलगी तिथे लवकर नजरेत भरते.

वर्गात तुला आयव्ही ली भेटेल. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला, तेव्हा हा त्या रेल्वेकंपनीचा सल्लागार होता. लपवाछपवी न करता त्याने कंपनीकडूनच माहिती द्यायला लावली, वार्ताहरांना घटनास्थळी नेलं. पहिली प्रेसनोट म्हणून कंपनीच्या त्या निवेदनाचंच नाव घेतात. पुढच्या काळात त्याच्यावर टीकाही बरीच झाली, तीही वाच. पण आपल्या या धंद्याची सुरुवात गाडी घसरली तेव्हा लोकांना खरं सांगण्यातून झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

नोकरीत तुला कात्रणं मोजायला लावतील. किती कॉलम सेंटीमीटर छापून आलं, तेवढ्या जागेच्या जाहिरातीला किती पडले असते, तो आकडा क्लायंटपुढे ठेवायचा. २०१० साली बार्सिलोनात या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन ही पद्धत चुकीची ठरवली, तरी ती काही सुटलेली नाही. साहेबांनी मागितलं तर दे बाई तो आकडा. पण शेजारी आणखी एक रकाना काढ: वाचून कुणी काय केलं? रस्ता बंदची नोट वाचून किती जणांनी वाट बदलली? हे शोधायची रीत प्रबंध करतानाच कळते.

सरकारी नोकरीचा दरवाजाही बंद करू नकोस. जिल्हा माहिती अधिकाऱ्याची भरती एमपीएससीतून होते. जाहिरात आली की पात्रता आणि अनुभवाच्या अटी बारकाईने वाच. फीचं म्हणशील तर बाबांशी मी बोलते. तू येत्या रविवारपर्यंत घोडबंदरच्या दहा बातम्या कापून ठेव, आणि त्यातल्या एकीची मूळ नोट मिळते का ते बघ.