अंडी उबवायला ठेवण्याआधी

सूनबाई, कोंबडी खुडूक झाली म्हणून लगेच तिच्याखाली अंडी सरकवू नकोस. आधी सांग, अंडी कुणाकडची? आठवडी बाजारातली असतील तर पोळी करून खा, पिल्लं काढू नकोस. पांढरी हगवण पिल्लांना पुष्कळदा अंड्यातूनच लागते. साल्मोनेला पुलोरम हा जंतू कोंबडीच्या अंडाशयात दडतो, आणि ती कोंबडी मात्र तुरा लाल, चरायला पुढे! अमेरिकेत १९३५ पासून रक्त तपासून मोठ्या फार्मांवरून हा रोग जवळजवळ घालवला. परसातल्या कोंबड्यांत तो अजून सापडतो.

आपणही तपासू शकतो. चार महिन्यांवरची तलंग झाली की डॉक्टरांना बोलाव. पंखाखालच्या शिरेतला रक्ताचा थेंब पांढऱ्या फरशीवर घेतात, त्यात रंगीत अँटिजेनचा थेंब मिसळतात. दोन मिनिटांत दही फुटल्यासारख्या गुठळ्या दिसल्या, तर त्या कोंबडीची अंडी उबवायची नाहीत.

पिल्लं निघाली की रोज उलटी करून बघ. शेपटीखाली खडूसारखा पांढरा लगदा वाळून चिकटलाय, पंख पाडून सगळी एका कोपऱ्यात गोळा होतात, शिटताना चिरकतात, मग समज. मरतूक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. गारठ्याने ती वाढते, म्हणून पहिला आठवडा पस्तीस अंशांची ऊब हवी. भाताचं तूस ओलं झालं की बदल. पाण्याचं भांडं उंचावर ठेव, म्हणजे शीट पडणार नाही. उंदीर, चिमण्या खाद्यात तोंड घालतात, तेही बंद कर.

मानमोडीची लस दिली म्हणून निर्धास्त राहू नकोस. तो विषाणू, हा जिवाणू. दुकानदाराने दिलेली पुडी पाण्यात कालवायची सवय तर मला मुळीच पटत नाही. औषधाने मर थांबेल, पण जगलेली पिल्लं जंतू बाळगून मोठी होतात. ती अंड्यांसाठी राखू नकोस. कोंबड्यांना कोलिस्टिन हे प्रतिजैविक द्यायला तर आपल्याकडे २०१९ पासून बंदीच आहे.

शेजारणीने कोंबडा दिला तरी थेट खुराड्यात सोडू नकोस. महिनाभर वेगळा डाल, आणि त्याला दाणे सगळ्यांत शेवटी टाक, म्हणजे त्याच्याकडची घाण तुझ्या चपलेने पिल्लांपर्यंत जाणार नाही.

मेलेलं पिल्लू उकिरड्यावर फेकू नकोस, कुत्री ओढून आणतात. एखादं ताजं मेलेलं पिशवीत घालून दवाखान्यात ने, फाडून बघतील. बाकीची खोल खड्ड्यात पूर, वर चुना टाक.