हाडाची चंद्रिका

प्रश्न : ताडकळसला आमची दोन एकर तुती आहे. बारावीतली मुलगी म्हणते, आता प्रिंटरवर हाड छापतात आणि पुण्यात रेशमापासूनही करतात. यात खरं किती? आणि खरं असेल तर कोषाला भाव वाढेल का?
– एक रेशीम उत्पादक, ताडकळस (ता. पूर्णा)

उत्तर : भावाचं शेवटी बघू.

हाड कुणी छापत नाही. छापतात ती चंद्रिका. पिकलेली अळी तुम्ही चंद्रिकेवर सोडता; कोष अळी करते, चंद्रिका तिला टेकायला जागा देते. अपघातात किंवा गाठ काढताना हाडाचा मोठा तुकडा गेला, तर शरीरातल्या पेशी ती पोकळी आपणहून भरू शकत नाहीत, कारण त्यांना धरायला काही नसतं. म्हणून त्या पोकळीच्या मापाचा जाळीदार सांगाडा बसवायचा. पेशी त्यावर चढतात आणि हाड त्याच विणतात. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकँटी यांनी 1993 साली ‘सायन्स’मध्ये या विद्येची मांडणी केली, तेव्हापासून तिचा बोलबाला झाला.

छपाईची गरज पडली ती भोकांपायी. चंद्रिकेवर दाटी झाली की दोन अळ्या मिळून एकच दुहेरी कोष करतात, हे तुम्हाला सांगायला नको. इथेही तसंच आहे. जाळी फार बारीक असेल तर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत आणि रक्तापासून केसाच्या दोन-तीन जाडींहून लांब पडलेली पेशी उपाशी मरते. फार मोकळी केली तर सांगाडा दबतो. शिवाय भोकं आतून एकमेकांना जोडलेली हवीत. पूर्वी मिठाचे खडे घालून प्लास्टिक ओतायचे आणि मग मीठ धुऊन काढायचे; कुठलं भोक कुठे उघडेल हे मिठाच्या मर्जीवर. प्रिंटर रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून माप घेतो आणि सोऱ्यातून शेव पडावी तसा वितळलेला धागा एक थर आडवा, एक उभा टाकत जातो. या कामातलं लाडकं प्लास्टिक म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन. ते 60 अंशांना वितळतं, म्हणजे तुमच्या गरम चहाहून कमीच. दुसरं पॉलिलॅक्टिक आम्ल. ते मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होतं. नाव कृत्रिम, मूळ शेतातलं.

चंद्रिकेची तुलना इथे संपते. चंद्रिका तुम्ही झाडून पुन्हा वापरता. हाडातला सांगाडा कुणी काढायला जात नाही, तो तिथेच विरायला हवा. खरी कसरत ही आहे. लवकर विरला तर नव्या हाडाचा आधार जातो. उशीर झाला तर भार तोच पेलत राहतो, हाडाला काम उरत नाही आणि ते कच्चं राहतं. पॉलिलॅक्टिक आम्ल विरताना आजूबाजूला आंबटपणा सोडतं, त्याने सूज येते. पॉलिकॅप्रोलॅक्टोन गुणी, पण दोन-तीन वर्षं रेंगाळतं. शिवाय ते पाण्याला दूर सारतं, म्हणून पेशींना धरवत नाही. मग त्यात हाडातलाच कॅल्शियम फॉस्फेट मिसळतात. हा रेंगाळणारा स्वभाव एकदा वरदान ठरला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या ग्लेन ग्रीन आणि स्कॉट हॉलिस्टर यांनी 2012 मध्ये एका तान्ह्या बाळाच्या मिटणाऱ्या श्वासनळीभोवती याच प्लास्टिकचं छापील कवच बसवलं. नळी बळकट होईतो ते टिकायचं आणि मग विरायचं, असा बेत होता. तो आधारच होता, अवयव नव्हे. बातम्यांत मात्र हा फरक नेहमी गळतो.

आता पुणं. मुलगी बरोबर सांगते, फक्त ‘हाड’ऐवजी ‘हाडाची भर’ म्हणा. कोष सोड्याच्या पाण्यात उकळला की सेरिसिन हा डिंक निघतो आणि उरतं ते फायब्रॉइन. टाके घालायला डॉक्टर रेशीम पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच फायब्रॉइनपासून हाडातल्या पोकळ्या भरण्याचं साहित्य घडवलं आणि त्यातून सेरिजेन ही कंपनी निघाली. इथे छपाईचा आग्रह नाही. लहान पोकळीला त्याची गरजही नसते.

आणि भाव? एका रुग्णाला लागणारं रेशीम थोड्या ग्रॅमांत मोजायचं, एका साडीला त्याहून कितीतरी जास्त जातं. तेव्हा भाव साडीच ठरवणार. जालन्याच्या बाजारात नेण्याआधी डागी आणि दुहेरी कोष तेवढे वेगळे काढा. पैशाचा फरक आज तिथेच पडतो.