चार हातांचे घर

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना मळवली नावाचे रेल्वेस्थानक लागते. त्याच्या उत्तरेकडील डोंगरात कार्ल्याचे लेणे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खडकात खोदलेल्या या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या मोठमोठ्या जोड्या कोरलेल्या दिसतात. जाणकार त्यांना दंपती-शिल्पे म्हणतात. आत जाऊन वर पाहिले, की पाषाणाच्या छताला बसविलेल्या लाकडी कमानी दृष्टीस पडतात. त्या लेण्याइतक्याच जुन्या आहेत. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने लेण्याचे दार घडविले, अशी नोंद तेथील एका शिलालेखात आहे. एका साध्या कारागिराचे नाव अशा रीतीने दोन हजार वर्षे टिकून राहिले!

परंतु मुलांनो, त्या डोंगराच्या पायथ्याशी, इंद्रायणीच्या खोऱ्यात, आपले घर आपल्याच हातांनी घडविणारी किती तरी जोडपी होऊन गेली. त्यांची नावे कोणी दगडावर कोरली नाहीत. अशाच एका जोडप्याची हकीगत मी आज तुम्हांस सांगणार आहे. ते जोडपे म्हणजे माझे आजी-आजोबा.

मावळ हा पुणे जिल्ह्याचा पश्चिमेकडील डोंगराळ तालुका. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला भार येथेच रिता करतात. म्हणून लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी ४००० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे ६५ किलोमीटरांवर असलेल्या पुणे शहरात मात्र तो साधारणपणे ७०० मिलीमीटरच भरतो. एकदा मृग बरसू लागला, की चार-चार दिवस सूर्यदर्शन होत नसे. ओढे दुथडी भरून वाहत, वाटा बंद होत. मग घरात जे असेल त्यावरच दिवस काढावे लागत. म्हणून वैशाख उजाडताच आमच्या घरी पावसाळ्याच्या तयारीची, म्हणजे आगोटीची, लगबग सुरू होई.

या तयारीतील पहिली वस्तू म्हणजे इरले. छत्री एका हातात धरावी लागते. पण भाताची रोपे लावणाऱ्या माणसाला दोन्ही हात मोकळे हवेत, आणि काम तर दिवसभर वाकून करावयाचे! या अडचणीतूनच इरले जन्माला आले. बांबूच्या बारीक कामट्यांच्या दोन जाळ्या विणायच्या, त्यांच्यामध्ये पळसाची पाने एकमेकांवर कौलांसारखी रचायची आणि दोन्ही जाळ्या कडेने पक्क्या शिवून टाकायच्या, की झाले इरले. ते डोक्यावर अडकविले, की पालथ्या होडीप्रमाणे पाठ झाकून टाकी आणि पावसाचे पाणी मागच्या मागे ओघळून जाई.

आजोबा इरल्यासाठी बांबू तोडीत ते हिवाळ्यात, वद्य पक्षात. तोडल्यावर काही दिवस ते ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवीत. बांबूत पिठूळ अंश असतो आणि त्याच्या लोभाने भुंगा त्याला पोखरतो. पाण्यात भिजविल्याने तो अंश कमी होतो. हे शास्त्र आजोबांनी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. त्यांच्या वडिलांच्या हाताखाली ते शिकले होते. आजी मात्र पाने निवडून आणी. फार कोवळी नकोत, फार जून नकोत, एकालाही भोक नको, असा तिचा दंडक असे. आजोबा दोन इरली करीत आणि प्रत्येक इरले ज्याच्या त्याच्या मापाचे असे. आजीची पाठ मोजल्याशिवाय ते तिच्या इरल्याला हात लावीत नसत.

दुसरी वस्तू कणगी. भात साठविण्यासाठी विणलेली ही मोठी टोपली माझ्या खांद्याएवढी उंच होती. विणण्याचे काम आजोबांचे. पण विणकामातील फटींतून दाणे गळतात आणि किडे शिरतात. म्हणून आजी माती, शेण आणि भाताचे तूस एकत्र मळून कणगी आतून-बाहेरून लिंपून काढी. तळाशी तिचा हात पोहोचत नसे. मग ती मला उचलून आत उतरवी, आणि मी अंधारात बसून कोपरापर्यंत हात माखून घेई. वाळल्यावर तीत भात भरला जाई. मधूनमधून निरगुडीचा पाला पसरला जाई. त्याच्या उग्र वासाने किडा जवळ येत नाही. विणणारा एक आणि लिंपणारा दुसरा. या दोहोंपैकी एकाचेही काम चुकले असते, तर आमचे वर्षभराचे अन्न धोक्यात आले असते.

तिसरी वस्तू चूल. ती सर्वस्वी आजीच्या अखत्यारीतील. ओढ्याकाठची चिकण माती ती आणी, तीत तूस आणि राख मिसळी व दोन दिवस मुरू देई. मुख्य चुलीच्या शेजारी ती वैल काढी. वैल म्हणजे जोडचूल. मोठ्या चुलीतील आच मधल्या भोकातून वैलाखाली जाई आणि एकाच जाळावर भाकरी भाजली जात असताना शेजारी कालवण रटरटत राही.

आजी-आजोबांमध्ये कधी कुरबुर होत नसे, असे मात्र समजू नका. चुलीचे तोंड दाराकडे असावे, म्हणजे घरात उजेड पडेल, असे आजोबांचे म्हणणे. “उजेड पडेल की नाही ते ठाऊक नाही, पण पश्चिमेचा वारा आत शिरला, की सगळा धूर माझ्या डोळ्यांत जाईल. चुलीपुढं बसायचं कुणी?” असे आजी विचारी. यावर आजोबा पागोटे सारखे करून गोठ्याकडे निघून जात. चुलीचे तोंड आजीच्या मनाप्रमाणेच होई.

चौथी वस्तू गोधडी. तिला आमच्याकडे वाकळ असेही म्हणतात. आजीची जुनी लुगडी आणि आजोबांची विरलेली धोतरे धुऊन-वाळवून एकावर एक अंथरली जात आणि कडेने सुरुवात करून आत-आत जाणाऱ्या धावदोऱ्याने शिवली जात. कापडाच्या थरांमध्ये हवा कोंडून राहते. ती अंगातील ऊब बाहेर जाऊ देत नाही. मावळातील ओल्या थंडीवर याहून स्वस्त आणि मायेचा उपाय नव्हता.

या गोधडीचीच एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. माझी आत्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. येणाऱ्या बाळासाठी आजीने आपल्या सर्वांत मऊ लुगड्याची गोधडी शिवावयास घेतली. ती निम्मी झाली होती, तोच ज्येष्ठाच्या पहिल्या सरीत आजी अंगणात पाय घसरून पडली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. हाताला प्लास्टर घातले गेले. सहा आठवडे हात हलवावयाचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. बाळ तर आषाढात यावयाचे होते.

आजी बोलली काहीच नाही. पण तिची दृष्टी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या गोधडीकडे पुनःपुन्हा जाई. एके दिवशी संध्याकाळी शेतावरून आल्यावर आजोबांनी हातपाय धुतले, कंदील ओसरीवर आणला, गोधडी मांडीवर पसरली आणि मला म्हणाले, “बाळ, सुईत दोरा ओवून दे.”

बांबू सोलून त्यांची बोटे राठ झाली होती. सुई त्यांच्या चिमटीत राहीना. आजी शेजारी बसून डाव्या हाताने दाखवी, “इथून घाला. एवढा लांब नको. ओढून धरू नका, चुण्या पडतील.” आजोबा मुकाट्याने ऐकत. एरवी कोणाचे ऐकून घेण्याची त्यांना सवय नव्हती!

तेवढ्यात वाटेने जाणारे एक शेजारी थांबले आणि मोठ्याने हसून म्हणाले, “काय हो, आता बांगड्याही भरणार की काय?”

मला फार वाईट वाटले. आजोबांनी मात्र मान वर न करता विचारले, “मागल्या आठवड्यात मी इरलं शिवत होतो, तेव्हा तू इथंच बसून वाखाणत होतास. पानांना टाका घातला तर कारागिरी, आणि कापडाला घातला तर बाईपण, असं कसं रे?”

शेजारी निरुत्तर झाले. थोडा वेळ उभे राहून ते निघून गेले. पुढे लावणीचे दिवस आले. आजीचे इरले त्या वर्षी खुंटीवरच राहिले. दोन हात कमी पडल्यामुळे आमची लावणी मागे पडणार, हे उघड दिसत होते. तेव्हा गावातील माणसे इर्जिकीला आली. मोबदल्यावाचून एकमेकांच्या शेतात राबण्याच्या रीतीला इर्जिक म्हणतात. भर पावसात सर्वांच्या आधी आमच्या बांधावर येऊन उभे राहिले, ते तेच शेजारी.

गोधडी वेळेवर पुरी झाली. आषाढात बाळ आले आणि तीत गुरफटून झोपले. गोधडीच्या कडेचे टाके एकसारखे, मोहरीच्या ओळीसारखे बारीक होते. मधले टाके लांब आणि वाकडेतिकडे, नवख्याने लावलेल्या रोपांसारखे होते. पुढे आजीचा हात बरा झाला, तेव्हा आत्या म्हणाली, “आई, मधला भाग उसवून नीट शिवून देतेस का?”

“ते टाके उसवायचे नाहीत,” आजी म्हणाली. “थंडी काही टाके मोजून येत नाही.”

मुलांनो, आज मावळ पुष्कळ बदलला आहे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि डोंगराआडची गावे शहरांच्या जवळ आली. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला ‘इंद्रायणी’ भात दूरवर पोहोचला. चुलीची जागा बहुतेक घरांत गॅसने घेतली, आणि ते योग्यच झाले. कारण चुलीच्या धुराने डोळ्यांना व फुप्फुसांना अपाय होतो. आजीचे लाल झालेले डोळे मी पाहिले आहेत. तो धूर परत यावा, असे मला मुळीच वाटत नाही. इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली. तो हलका आहे, स्वस्तही आहे. पण एका पावसाळ्यात फाटतो आणि त्याच्या चिंध्या वर्षानुवर्षे बांधावर नि ओढ्यात पडून राहतात. इरले निकामी झाले, की त्याचे खत होत असे.

जुने ते सारे चांगले, असे म्हणणे शहाणपणाचे नाही. नवे ते सारे चांगले, असे म्हणणेही नाही. वस्तू बदलतात, बदलाव्यातही. परंतु त्या वस्तूंपाठीमागे जी रीत होती, ती मात्र जपण्याजोगी आहे. घरातील कोणतेही काम हलके नाही आणि ते अमक्याचेच आहे असेही नाही. ज्याचे हात मोकळे असतील, त्याने अडलेल्या हातांचे काम उचलावे, यालाच संसार म्हणतात.

ती गोधडी पुढे आत्याने माझ्या स्वाधीन केली. तिचा रंग आता ओळखू येत नाही. पण टाके शाबूत आहेत. कार्ल्याच्या लेण्यातील दंपती-शिल्पे पाहावयास मी अधूनमधून जातो. दगडातील त्या जोड्यांची नावे मला ठाऊक नाहीत. परंतु घरी येऊन गोधडी उलगडली, की कोणते टाके कोणाचे, ते मी अंधारातही बोटांनी ओळखू शकतो.

अभ्यास

१. कार्ल्याच्या लेण्यातील कोणत्या गोष्टींचे वर्णन लेखकाने केले आहे?

२. कारणे द्या : (अ) लोणावळ्यास पुण्यापेक्षा फार अधिक पाऊस पडतो. (आ) बांबू वाहत्या पाण्यात भिजवून ठेवीत. (इ) गोधडी अंगावर घेतली असता ऊब मिळते.

३. पुढील वाक्ये कोण, कोणास व केव्हा म्हणाले ते सांगा : (अ) “चुलीपुढं बसायचं कुणी?” (आ) “थंडी काही टाके मोजून येत नाही.”

४. आजोबांनी शेजाऱ्यास दिलेले उत्तर तुमच्या शब्दांत लिहा. ते तुम्हांस पटते काय? का?

५. पुढील शब्दांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : लगबग, दंडक, अखत्यारीत, निरुत्तर, शाबूत.

६. तुमच्या घरी हाताने बनविलेली एखादी जुनी वस्तू असल्यास, ती कोणी, कशी आणि कशापासून बनविली, हे घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा व पंधरा ओळींत लिहून आणा.