गिअर ऑइल : निवड आणि बदल, घरच्या घरी

इंजिन ऑइल कधी बदलायचं हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. तसा स्टिकरच काचेवर लावलेला असतो. पण गिअर बॉक्समध्येही तेल असतं आणि तेही जुनं होतं, असं म्हटलं की बरेच जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. थर्ड इयर मेकॅनिकलला आम्ही गिअरच्या दातावरचा ताण दोन-दोन पानं भरून काढतो, पण त्या दातावर कुठलं तेल घालायचं हे मात्र दुकानदार ठरवतो! म्हणून हा लेख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापलेत तरी चालेल. तेलाकडे मात्र नीट लक्ष द्या.

तेलाचं काम नेमकं काय?

"तेल म्हणजे घसरण" एवढंच आपण शाळेत शिकतो. गिअर बॉक्समध्ये ते अर्धसत्य आहे. दात एकमेकांवर घासू नयेत, बेअरिंग तापू नयेत, यासाठी तेल घसरडं हवं. पण गिअर टाकताना दोन वेगवेगळ्या वेगाने फिरणारे भाग एका वेगावर आणायचं काम सिंक्रोनायझर रिंग करते. ही रिंग म्हणजे एक छोटा ब्रेकच. ब्रेक लागायला घर्षण लागतं. तेल फार घसरडं असेल तर रिंग पकडच घेत नाही आणि गिअर टाकताना 'खर्रर्र' आवाज येतो. म्हणजे एकाच तेलाने एका जागी घर्षण कमी करायचं आणि दुसऱ्या जागी होऊ द्यायचं. तेल निवडण्याची सगळी भानगड इथेच आहे.

डब्यावरचे आकडे

डब्यावर '८०डब्ल्यू-९०' किंवा '७५डब्ल्यू-९०' असं लिहिलेलं असतं. '९०' बघून अनेकांना वाटतं की हे इंजिनच्या ४० नंबर तेलापेक्षा दुप्पट जाड असणार. तसं नाही. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरचं गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक्स असतं, म्हणजे इंजिनच्या ४० ते ५० नंबर तेलाच्या आसपास. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ८०डब्ल्यूची परीक्षा उणे २६ अंशाला होते, ७५डब्ल्यूची उणे ४० ला. महाबळेश्वरच्या थंडीचा इथे काही संबंध येत नाही! तरी मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू सांगितलं असेल तर तेच घाला, कारण पहाटेच्या थंड गिअर बॉक्समध्येही ते तुलनेने पातळ राहतं आणि गिअर हलके पडतात.

इथे माझ्या मामाच्या पिकअपची गोष्ट सांगते. मामा नारायणगावच्या बाजूने टोमॅटो-कांदा मार्केटला नेतात. गिअर बॉक्स थोडा गुणगुणायला लागला, तेव्हा ओळखीच्या एका मेकॅनिकने "जाड तेल टाकू, आवाज बंद होईल" म्हणून १४० नंबर टाकलं. आवाज खरंच कमी झाला! पण आवाज होता बेअरिंगचा. जाड तेलाने बेअरिंग बरं होत नाही, फक्त त्याचं रडणं ऐकू येत नाही. दोन महिन्यांनी ते तुटलं, सोबत एक गिअरही गेला आणि ऐन हंगामात गाडी आठ दिवस उभी राहिली. मामा म्हणाले, "अगं, आवाज होता तोवर गाडी बोलत होती, आपणच तिचं तोंड बंद केलं."

जीएल-४ की जीएल-५?

दुकानात गेलात की "हे घ्या, जीएल-५ आहे, चारपेक्षा भारी" असं हमखास ऐकायला मिळतं. हे म्हणजे चौथीपेक्षा पाचवीचं पुस्तक चांगलं म्हणण्यासारखं झालं. दोन्हींचं काम वेगळं आहे.

जीएल-५ बनवलं आहे हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे रिअर व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या आणि ट्रकच्या मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियनसाठी. तिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरत जातात आणि साधी तेलाची फिल्म फाटते. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं जास्त घालतात. ती गरम झाली की धातूवर पातळ थर तयार करतात आणि दात वाचतात. जीएल-४ मध्ये हीच रसायनं साधारण निम्मी असतात.

आता बारावीचं केमिस्ट्री आठवा. गंधक लागलं की चांदीचे पैंजण काळे पडतात. तांब्याचंही तसंच. अनेक मॅन्युअल गिअर बॉक्समधल्या सिंक्रोनायझर रिंग पितळेच्या असतात, आणि पितळ म्हणजे तांबं व जस्त. काही जीएल-५ तेलं अशा रिंगला हळूहळू खातात आणि त्यांच्या घसरडेपणामुळे रिंगची पकडही सुटते. सगळीच जीएल-५ तेलं तशी नसतात आणि काही कंपन्या स्वतःच आपल्या गिअर बॉक्ससाठी जीएल-५ सांगतात. म्हणून नियम एकच : मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच. ट्रक आणि पिकअपवाल्यांनी तर दोन डबे वेगळे ठेवावेत, गिअर बॉक्सचा एक आणि क्राऊनचा एक.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी

आधी आपली 'ऑटोमॅटिक' कुठली ते बघा. भारतात २०१४ पासून स्वस्त गाड्यांत आलेली एएमटी ही आतून मॅन्युअलच असते, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. तिला गिअर ऑइलच लागतं. ॲक्च्युएटरचं हायड्रॉलिक तेल असेल तर ते वेगळं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीला एटीएफ लागतं आणि सीव्हीटीला तिचं स्वतःचं, कारण तिथे पट्टा आणि पुलीची पकड तेलातूनच व्हायची असते. एटीएफ बहुधा लाल असतं, पण लाल रंग म्हणजे फक्त डाय. रंग बघून तेल ओळखणं म्हणजे सरबत आणि कफ सिरप एकच समजणं.

गंमत म्हणजे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत एटीएफमध्ये स्पर्म व्हेलचं तेल घालत. क्लच अलगद पकडावा यासाठी ते उत्तम होतं. व्हेलच्या संरक्षणाचे कायदे आले आणि केमिस्टना पर्याय शोधावा लागला.

माझा सल्ला असा की ऑटोमॅटिकने सुरुवात करू नका. ड्रेन बोल्ट उघडला तरी बरंचसं तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं आणि पुष्कळ गाड्यांत लेव्हल ठरावीक तापमानाला, इंजिन चालू ठेवून बघावी लागते. पहिला हात मॅन्युअल गिअर बॉक्सवर साफ करा.

कृती (मॅन्युअल गिअर बॉक्स)

१. मॅन्युअलमधून ग्रेड, लिटर आणि किलोमीटर लिहून घ्या. बोल्टचे नवे वायसर आणून ठेवा.

२. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा. कोमट तेल पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन बाहेर येतं. फार तापू देऊ नका, हात भाजेल.

३. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. उचलायची असेल तर जॅक स्टँडवर चारही बाजूंनी सारखी उचला. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नका. विटांवर तर नाहीच, वीट अचानक फुटते. तेल पुन्हा आणता येतं, माणूस नाही. जवळ रॅम्प किंवा खड्डा असेल तर उत्तम.

४. आधी तेल भरायचा बोल्ट उघडा, मगच खालचा. हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. वरचा जाम असेल आणि खालून तेल काढून बसलात, तर गाडी ना पुढे ना मागे!

५. खाली पसरट घमेलं ठेवून ड्रेन बोल्ट काढा. थेंब थेंब होईपर्यंत थांबा.

६. बोल्ट पुसून नवा वायसर घालून लावा. घरं ॲल्युमिनियमची असतात, पाना लांब लावून जोर काढलात तर आटे जातील. टॉर्क रेंच वापरा.

७. पंपाने किंवा नळी लावलेल्या नरसाळ्याने वरच्या भोकातून तेल भरा. बहुतेक गाड्यांत तेल भोकाच्या खालच्या कडेला येऊन ओघळू लागलं की लेव्हल झाली. गाडी तिरकी असेल तर ही लेव्हल खोटी ठरते.

८. बोल्ट लावा, एक चक्कर मारा आणि गळती बघा.

निघालेलं तेल वाचा

बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाची बारीक पेस्ट असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. चकचकीत तुकडे किंवा दाताचा टवका दिसला तर मेकॅनिक गाठा. पिवळसर सोनेरी चुरा म्हणजे सिंक्रोनायझरची रिंग झिजतेय. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात तापलेली गाडी साचलेल्या पाण्यात घातली की आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. अशा वेळी किलोमीटर मोजत बसू नका, तेल लगेच बदला. मागच्या ॲक्सललाही हेच लागू.

शेवटचं काम

घमेल्यातलं तेल गटारात, शेतात किंवा धूळ बसवायला अंगणात टाकू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं. ते रिकाम्या डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून, अधिकृत रिसायकलरकडे देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. चुलीत जाळू नका आणि फुकट मिळतं म्हणून कुणाला दाराच्या कडीला लावायलाही देऊ नका.

मामांच्या डॅशबोर्डवर आता मी एक कार्ड चिकटवलंय : तारीख, किलोमीटर, ग्रेड, किती लिटर. तुम्हीही आपल्या गाडीत एक लावा. पुढच्या वेळी कुणी "याहून भारी तेल आहे" म्हणालं, तर त्याला ते कार्ड दाखवता येईल.