मुलांना खरं सांगू या

आई-बाबांनो,

घरात माणूस गेलं की मोठ्यांची पहिली धडपड असते ती मुलांना तिथून हलवण्याची. "याला जरा तुमच्याकडे घेऊन जा," असं म्हणून लेकरू शेजारच्या काकूंच्या हाती सोपवलं जातं. संध्याकाळी ते परत येतं तेव्हा आजोबांची खाट उचललेली असते, घर माणसांनी भरलेलं असतं. "आजोबा कुठायत?" असं विचारलं की कुणी सांगतं देवाघरी गेले, कुणी गावाला, कुणी झोपलेत म्हणून. एवढ्याशा जिवाला कशाला त्रास, हाच सगळ्यांचा विचार असतो. त्यामागची माया मला कळते. तरीही आज तुम्हाला कळकळीनं सांगावंसं वाटतं की मुलांना दुःखापासून आपण वाचवू शकत नाही. त्या दुःखात त्यांना एकटं पडू न देणं मात्र आपल्या हातात आहे, आणि त्याची सुरुवात खरं सांगण्यापासून होते.

लहान मूल शब्द जसाच्या तसा घेतं. आजोबा झोपले आणि उठलेच नाहीत असं ऐकलेलं मूल रात्री डोळे मिटायला घाबरतं. बाबा गावाला गेले असं सांगितलेलं मूल दर एसटीकडे डोळे लावून बसतं, आणि बाबा मला न सांगताच गेले म्हणून मनात कुढतं. पुढे कधीतरी शाळेत एखादा मित्रच तोंडावर सांगतो, "तुझे बाबा मेलेत." त्या दिवशी बाबा तर जातातच, वर घरच्या माणसांवरचा विश्वासही जातो.

मग सांगायचं कसं? मुलाच्या सगळ्यात जवळच्या माणसानं, त्याला कुशीत घेऊन, साध्या शब्दांत. "आजोबांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते वारले. आता त्यांना काही दुखत नाही, थंडी वाजत नाही. ते परत येणार नाहीत. आपल्याला त्यांची खूप आठवण येईल, आणि मी तुझ्याजवळ आहे." एवढं पुरतं. बाकीचं मूल विचारेल तेव्हा, विचारेल तेवढंच. तुमची श्रद्धा असेल तर देवाचंही सांगा, पण आधी हे सांगा.

तेच तेच प्रश्न पुन्हा आले तर चिडू नका. चार-पाच वर्षांच्या मुलाला मरण कायमचं असतं हे कळत नाही, म्हणून ते सकाळी रडतं आणि दुपारी अंगणात खेळतं. त्याला काही वाटत नाही असा अर्थ काढू नका. मुलं दुःख थोडं थोडं करून पेलतात. सात-आठ वर्षांच्या पुढे हळूहळू समज येते आणि तिच्यासोबत धास्ती येते: आता आईही जाईल का? वयात आलेली मुलं बोलायचीच बंद होतात, नाहीतर क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतात. त्या रागाखाली काय आहे ते ओळखा. शेजारी बसा, बोलायची घाई करू नका.

अंत्यदर्शनाला मुलांना न्यावं का, असं पालक नेहमी विचारतात. समजत्या मुलाला आधी सगळं सांगा: तिथे लोक रडत असतील, आजीच्या अंगावर फुलं असतील, आजी हलणार नाही. मग त्यालाच ठरवू द्या. यायचं असेल तर त्याचा हात धरायला एक माणूस नेमा, आणि मध्येच घरी जायचं म्हणालं तर नेऊन सोडा. नको म्हणालं तर जबरदस्ती नको. कोविडच्या काळात कित्येक मुलांना हा निरोपच मिळाला नाही. माणूस रुग्णवाहिकेत बसून गेलं आणि परत आलंच नाही. अशी मुलं आज मोठी झाली असली तरी त्यांच्याशी बोलायची वेळ टळलेली नाही. फोटो काढा, आठवणी सांगा, त्या माणसाच्या नावानं एखादं झाड मुलाच्या हातून लावा.

आता थोडं मोठ्यांच्या बोलण्याबद्दल. बाप गेलेल्या दहा वर्षांच्या पोराला भेटायला आलेले पाहुणे सांगून जातात, "आता तूच घरातला कर्ता. आईला सांभाळ." त्या दिवसापासून ते पोर रडायचं थांबतं आणि आपल्याला वाटतं, किती समंजस! अहो, त्यानं आधी बाप गमावला आणि मग बालपण. "मुलगा असून रडतोस?" हेही नको. आणि "हिचा पायगुण वाईट", "हा जन्मला आणि बाप गेला" असलं बोलणं ज्या घरात चालतं, तिथे तुम्ही ठामपणे मध्ये पडा. मुलं तशीही दोष स्वतःकडे घेतात. "मी हट्ट केला म्हणून बाबा बाहेर गेले," असं एखादं वाक्य मनात कोंडून ती जगत असतात. म्हणून त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा, आणि पुन्हा पुन्हा सांगा: हे तुझ्यामुळे झालं नाही.

एकाच फटक्यात माणसं, घर आणि गाव जातं तेव्हा हे सगळं आणखी अवघड होतं. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, दमून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर येऊन हजारो माणसं गेली. जी घरं सावलीसाठी बांधली, त्यांनीच जीव घेतले. त्यातून वाचलेलं मूल छताखाली झोपायला घाबरलं तर तो हट्ट म्हणता येणार नाही, भीतीला कारण होतं.

संकटानंतर काही मुलं पुन्हा अंथरूण ओलं करतात, अंगठा चोखतात, आईचा पदर सोडत नाहीत. शाळेत जायच्या वेळी पोट दुखतं, आणि ते खरोखर दुखत असतं. यावर ओरडू नका, कुणासमोर बोलून दाखवू नका. रात्री दिवा चालू ठेवा, जवळ घेऊन झोपा. टीव्ही आणि मोबाइलवर भूकंपाची, पुराची तीच दृश्यं सारखी दाखवतात, ती बंद करा. लहानग्यांना वाटतं की पूर पुन्हा पुन्हा येतोय.

आणि त्यांना खेळू द्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. त्या पुरातून छावणीत आलेलं मूल काय खेळेल? बाटलीची बुचं ओळीत मांडेल, ही घरं. त्यांच्यावर तांब्यातलं पाणी ओतेल. चपलेची बोट करेल, ती कधी पोचेल, कधी बुडेल. मोठ्या माणसाला हे बघवत नाही, "असलं काय खेळतोस?" असं तोंडून निघून जातं. तसं म्हणू नका. खाली बसा आणि विचारा, "बोटीत कोण कोण बसलंय? आता त्यांना कुठे न्यायचं?" सांगता न येणारी गोष्ट मूल खेळातून सांगत असतं. कितीही दिवस झाले तरी बोट दर वेळी बुडतच राहिली आणि खेळून मूल मोकळं होण्याऐवजी जास्तच घाबरलं, तर मात्र मदत घ्या.

मुलांना सावरायला सगळ्यात जास्त मदत होते ती नेहमीच्या दिवसाची. उठायची वेळ, गरम जेवण, शाळा, संध्याकाळचा खेळ. किल्लारीनंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं पुण्याला आणली आणि त्यांच्या शिक्षणाची सोय केली. सगळं गेलेल्या मुलाला वर्ग, वही आणि बरोबरीची मुलं मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! तुमच्या गावावर कधी वेळ आली तर अन्नधान्यासोबत शाळा लवकर सुरू व्हावी यासाठीही आग्रह धरा, मग ती मंडपात का भरेना.

काही दिवस दरवर्षी जड जातात. माळीणवर दरड कोसळली ती ३० जुलै २०१४ ला, इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री. अशा गावातल्या मुलाला जुलैतला पाऊस नुसता पाऊस वाटत नाही. त्या दिवसांत ते चिडचिडं झालं तर कारण ओळखा, आणि त्याच्या हाती काहीतरी काम द्या. बॅटरी कुठे ठेवायची, कुठल्या वाटेनं बाहेर पडायचं, कुठल्या नंबरवर फोन करायचा हे त्याला ठरवू द्या. आपल्याला काय करायचं ते माहीत असलं की मुलाला धीर येतो.

बहुतेक मुलं मायेनं आणि वेळानं सावरतात. पण महिना उलटला तरी झोप, जेवण, शाळा सुरळीत नसेल, मूल सारखं दचकत असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. "मलाही बाबांकडे जायचंय" किंवा "मला जगायचं नाही" असं मूल म्हणालं तर एक दिवसही थांबू नका, त्याला एकटं ठेवू नका.

आणि तुम्ही स्वतः? मुलांसमोर रडलात तरी चालेल. "मला आजीची आठवण आली म्हणून रडतेय, थोड्या वेळानं बरं वाटेल," एवढं सांगितलंत की रडणं वाईट नसतं आणि रडूनही माणूस उभं राहतं, हे त्यांना कळतं. तुम्हालाही आधार लागेल. बहिणीला, मित्राला, शेजाऱ्याला हाक मारा.

तुमच्या घरात एखादा प्रश्न असा अर्धवट उत्तर देऊन टाळलेला असेल, तर आज रात्री मुलाला जवळ घ्या आणि त्याचं खरं उत्तर द्या.